आणखी एक चमचा

त्याने नळीचं तोंड गवतावरून उचलून लेकीपुढे धरलं आणि ती ओणवी होऊन घटाघटा पीत राहिली. थांबेचना.

"अगं, गवताला काही ठेवशील की नाही?" तो हसत म्हणाला.

मैदानाला पाणी मारण्यातच त्याचा जन्म गेला होता. सगळे त्याला पाणीवाले काका म्हणत. लेक पळायला लागली आणि त्याला आभाळ ठेंगणं झालं. निवड स्पर्धा तोंडावर आली होती. ती धावून आली की तो बाटलीत ग्लुकोज ढवळून द्यायचा, आणि तहान भागली नाही म्हणाली की आणखी एक चमचा टाकायचा. घाम गाळला की तहान लागणारच, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. पण सावलीत बसूनही तिचा घसा कोरडाच. रात्री पाण्यासाठी उठायची, मग लघवीला. गालफडं बसली. बायकोने दवाखान्याचं नाव काढलं तर हा गुरकावला, अंग हलकं झालं की पाय उडतात, तुला त्यातलं काय कळतंय. बाथरूममध्ये मुंग्यांची रांग लागली, तीवर त्याने पावडर मारली.

स्पर्धेच्या सकाळी उलट्या करून ती कडेला बसली. श्वास खोल, ओढून घेतल्यासारखा. "नको बाबा," ती म्हणाली. त्याने हनुवटी धरून बाटली तोंडाला लावलीच. दोन घोट गेले आणि ती तिथेच आडवी झाली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मधुमेह आहे, रक्तातली साखर भलतीच वाढलीय, आत्ता काहीच सांगता येत नाही. मग विचारलं, "न भागणारी तहान, सारखी लघवी, उतरलेलं वजन. कुणाला दिसलं नाही? तेव्हाच आणायचं होतं."

त्याला सगळं दिसलं होतं. बायको त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तिने चारचौघांत तोंड सोडलं असतं तर फार बरं झालं असतं.

संध्याकाळी लेकीचे ओठ हलले. "बाबा, पाणी."

तोंडाने काही द्यायचं नाही, सिस्टर म्हणाल्या, सलाईनमधून जातंय. अगदीच वाटलं तर ओठ ओले करा. त्यांनी वाटीत पाणी आणि कापसाचा बोळा दिला.

त्याने बोळा बुडवला, पिळला. तिच्या ओठांपर्यंत नेलेला हात मागे घेतला, आणि बोळा आधी स्वतःच्या जिभेला लावून पाहिला.

पाणी साधंच होतं.