शोभेचं सूप

गारगोटीहून आलेल्या अंबूबाईनं कोल्हापूरच्या हस्तकला बाजारात बांबूची सुपं मांडली, तर आयोजक अनुजानं ती टांगून वर पाटी लावली: "भिंतीची शोभा."

दिवसभर गिऱ्हाइकांचं एकच, "मावशी, ह्याच्यावर रंग बसेल का?"

"अवं, पाखडायचं सूप हाय ते!" सांगून सांगून अंबूबाईचा घसा बसला.

शेवटी एका आजीनं सूप उतरवून पाखडल्यागत झोकात हलवलं. "झ्याक हाय. पण आता पाखडतंय कोण? तांदूळ निवडलेलाच येतोय की."

"तुमच्यासारख्यांनीच ह्या धंद्याची वाट लावली!" अंबूबाई फणकारली.

"व्हय? तू पाखडतीस काय गं?"

अंबूबाईनं आजीच्या हातातलं सूप घेऊन परत टांगलं. सकाळी तिनंही पिशवीतला तांदूळ सरळ पातेल्यात ओतला होता.