अडकित्त्यानं कातरलेली टुटीफ्रुटी

मित्रांनो, आधी माझा वास घ्या. या, जवळ या, चावत नाही. सुपारीचा येतोय ना? आणि त्याच्यामागून हलकासा स्ट्रॉबेरीचा? त्या दुसऱ्या वासाचीच ही गोष्ट. मी एक जुना अडकित्ता आहे, मुक्काम पोस्ट नोव्हाय, मिशिगन.

अडकित्ता म्हणजे काय, असं तोंड तुमच्यातल्या निम्म्यांनी केलंच असेल. सुपारी कातरायची कात्री समजा. पितळेचे दोन दांडे, वर मोराची मान आणि मध्ये पोलादी पातं. नाशिकच्या एका तांबटानं मला घडवलं. सुनेत्राकाकूच्या लग्नात मी रुखवतात दिमाखात बसलो होतो, तिथून थेट विमानात. सुरुवातीला काय ऐट होती माझी! दर शनिवारी कुणाकडे तरी जेवणं, आणि जेवणानंतर सगळ्यांना मी हवा. पुढे एकेकाचे दात हलले, ब्लडप्रेशरं आली, पानं सुटली. मी पानाच्या डब्यात झोपून राहिलो. फक्त संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाहेर.

माझी मालकीण मात्र एक नंबरची खोडकर. जावई देवांग पहिल्या दिवाळीला आला तेव्हा तिनं त्याला कापूस भरलेली करंजी वाढली. बिचारा लाजेनं चावतच बसला. गेल्या संक्रांतीला तिनं गुलकंदात लाल तिखट कालवलं. तिचा नवरा, रिटायर्ड भूलतज्ज्ञ प्रतापकाका, पाण्याचा आख्खा जग रिकामा करून बसला. माझं तर हसून हसून पातं मिटेना.

मग काकूचे गुडघे बिघडले. खाली बसणं बंद, पूजेलासुद्धा खुर्ची. दुखण्यानं झोप उडाली. एक दिवस तिची मैत्रीण शैलजा घरी आली आणि पर्समधून एक बाटली काढून तिच्यापुढे ठेवली. आत लाल गमी होत्या, जेलीसारख्या चिकट गोळ्या. गांजाच्या.

"ईऽ! काय गं हे?"

"ओरडू नकोस. इथे मोठ्या माणसांना दुकानात रीतसर मिळतं. आख्खी नाही घ्यायची, पाव घ्यायची. चढत नाही, नुसतं दुखणं जरा लांब जातं."

"यांना कळलं तर?"

"कशाला सांगतेस!"

प्रतापकाकाचं मत सगळ्या मराठी मंडळाला पाठ होतं. पार्टीत विषय निघाला की तो हात झटकायचा, "गांजेकस लोकांची फॅडं आहेत यार!" म्हणून काकूनं गुपचूप मला बाहेर काढलं. सुपारीसाठी जन्मलेला मी चिकट गमी कातरायला लागलो. एकेकीचे चार तुकडे करायचे, चिकटू नयेत म्हणून पिठीसाखरेत घोळवायचे. तिला बरं वाटायचं. औषधानं की मनानं, ते मला नाही सांगता येणार. पण तिचं डोकं फिरलं नाही की जीभ अडखळली नाही, हे मी पाहिलंय.

तुकडे ठेवायचे कुठे? पानाच्या डब्यातल्या एका वाटीत. वर्षभर तो डबा उघडतो कोण? जागा तिला फार हुशारीची वाटली. खरं सांगू, मलाही वाटली.

यंदाची संक्रांत आली. घरात बायका, बाहेर बर्फ. काकू स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती, डब्यातली ती वाटी पार विसरून. तिची मुलगी सलोनी कपाटातून पानाचा डबा घेऊन आली. तिनं बडीशेप भरली, खोबरं भरलं, सुपारी भरली. एका वाटीत लाल लाल चौकोनी तुकडे आधीच होते, साखरेत घोळवलेले. आईनं टुटीफ्रुटी भरून ठेवली, असं समजून तिनं डबा टेबलावर मांडला. मी आतून खणखणलो. पण अडकित्त्याचं कोण ऐकतं?

आणि देवांगला टुटीफ्रुटीचं वेड. पान नको, सुपारी नको, नुसती टुटीफ्रुटी. फोनवर बोलता बोलता त्यानं चमच्यानं वाटी साफ केली. काकूचा दोन आठवड्यांचा साठा पाच मिनिटांत!

पुऱ्या आटपून काकू पदराला हात पुसत बाहेर आली. नजर डब्यावर गेली. वाटी रिकामी.

"सलोनी, ह्यातलं कुणी खाल्लं?"

"देवांगनं. अजून कोण! दुकानातली नाही वाटत, म्हणत होता. मस्त आहे म्हणाला."

मित्रांनो, ह्या गोळीची खोड ऐका. ती लगेच कळत नाही. पोटात जाते आणि गप्प बसते. तासा-दीड तासानं अंगात येते. पाव तुकडा गुपचूप राहतो, पण मूठभर तुकडे माणसाला उभं राहू देत नाहीत. आणि त्याच वेळी दाराशी देवांग बूट घालत होता. चार वर्षांची केया जॅकेट चढवून तयार. तिचा स्विमिंगचा क्लास होता, हायवेनं अर्धा तास.

काकूनं मला उचललं. का, तिलाही माहीत नसावं.

"देवांग, थांब रे. चहा घेऊन जा."

"नको आई, उशीर होतोय."

"मग सलोनी सोडेल तिला."

"आई, मी वाण वाटतेय ना!" सलोनी आतून ओरडली.

"जाऊ दे ना आज क्लास. बर्फ आहे."

"आई, मी गाड्याच टेस्ट करतो. बर्फ मला नवा नाही." तो हसला आणि केयाला उचलून बाहेर पडला.

काकूनं मागे वळून पाहिलं. हॉल बायकांनी भरलेला. कोपऱ्यात प्रतापकाका तिळगुळाची वाटी घेऊन बसलेला. सांगितलं तर ह्या सगळ्यांसमोर सांगायचं. नाही सांगितलं तर ती चिमुरडी गाडीत. मी तिच्या मुठीत होतो, मला तिची नाडी लागत होती.

"ऐका!" ती ओरडली. "त्या वाटीत टुटीफ्रुटी नव्हती. गांजाची गमी होती. माझी. देवांगला गाडी चालवू देऊ नका!"

आणि मग काय झालं सांगू? सगळा हॉल फुटला हसून.

"सुनेत्रा, ह्या वर्षी जरा जास्तच हं!"

"मागच्या वर्षी तिखट, यंदा गांजा!"

प्रतापकाका तर टाळ्या वाजवायला लागला. "बढती आहे, बढती!"

फक्त शैलजा हसली नाही. ती पांढरी पडली होती. पण तोंड तिनंही उघडलं नाही.

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. काकू नुसत्या मोज्यांवर पळाली. होय, पळाली, त्या गुडघ्यांवर! गाडीचे मागचे दिवे लागले होते. ती मागे जाऊन उभी राहिली आणि "उतर, ती टुटीफ्रुटी नव्हती, गांजा होता!" असं ओरडत मला गाडीवर आपटायला लागली. ठण! ठण!

देवांगनं काच खाली केली. "आई, कळला जोक! पाच मिनिटं उशीर झालाय यार!"

"जोक नाही रे!"

"करंजीच्या वेळीपण हेच म्हणाला होतात!" त्यानं गमतीनं हॉर्न वाजवला. गाडी बोटभर मागे सरकली.

तेव्हा काकू खाली बसली. पैठणी नेसून, बर्फात, मांडी घालून. एक गुडघा कडकन वाजला, तो मी ऐकला. तिच्या तोंडातून हुं निघालं, डोळ्यांतून पाणी. पण ती उठली नाही.

गाडी बंद झाली.

कारण देवांगला माहीत होतं, आई खाली बसत नाहीत. सत्यनारायणाला बसत नाहीत, नातीशी खेळायला बसत नाहीत. गमतीसाठी तर नाहीच. तो खाली उतरला तेव्हा त्याचं हसू गेलं होतं.

"खरंच आहे हे?"

"खरंच. केयाला दिलंस का रे? आधी ते सांग!"

मागच्या सीटवरून रागावलेला आवाज आला, "नो! बाबा डिडन्ट शेअर!"

मित्रांनो, हावरटपणाचं कौतुक मी आयुष्यात एकदाच केलं, ते तेव्हा.

दारात प्रतापकाका उभा होता. टाळ्या थांबल्या होत्या. त्यानं आधी काही विचारलं नाही. देवांगला आत नेऊन बसवलं आणि पॉयझन कंट्रोलला, म्हणजे विषबाधेच्या हेल्पलाइनला, फोन लावला. त्यांनी सांगितलं, एकटं सोडू नका, गाडी अजिबात नाही, श्वासाचं काही वाटलं तर ताबडतोब ॲम्ब्युलन्स. केयावरही लक्ष ठेवा.

तासाभरानं देवांग सोफ्याला घट्ट धरून म्हणाला, "बाबा, मी मरतोय का?"

"नाही. भूल देऊन मी हजारो माणसं परत आणलीत. तू तर जागाच आहेस. माझा हात धर." संध्याकाळपर्यंत काकानं तो हात सोडला नाही. देवांग घाबरला, ओकला, शेवटी झोपला. केया ठणठणीत, क्लास बुडाला म्हणून फुगलेली.

मग काका काकूपाशी आला. ती गुडघे शेकत बसली होती. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हसला असतात."

काकानं शेकायची पिशवी तिच्या हातातून आपल्या हातात घेतली. मग म्हणाला, "तू रक्त पातळ करायची गोळी घेतेस. दोन्ही एकत्र चालतं का, विचारलंस कुणाला?"

"कुणाला विचारणार?"

"उद्या तुझ्या डॉक्टरकडे जाऊ. तूच बोल, मी मध्ये तोंड घालणार नाही."

आता त्या बाटलीला कुलुपाची पेटी आहे, आणि घ्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतात. मला चिंचेनं घासून शोकेसमध्ये ठेवलंय. चकाकतो, पण कातरायला काही नाही. पूजेच्या दिवशी काकूनं मागायच्या आत काका खुर्ची आणून ठेवतो, ते काचेतून दिसतं. तेवढ्यावर माझं भागतं.

मित्रांनो, डब्यातलं लाल, गोड काहीही विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. घरातल्या मोठ्यांनाही सांगा, औषध खाऊच्या वाटीत ठेवायचं नसतं. आणि कुणी दुखतंय म्हणून सांगू लागलं, तर हसू नका. माझं तोंड उघडतं ते फक्त कातरायला. तुमचं बोलायला उघडतं. ते वेळेवर उघडा, बर्फात बसायची वेळ यायच्या आधी.