झाकणावरचे निखारे

झाकणावरच्या सात निखाऱ्यांपैकी कडेचा एक पांढरा पडत चालला होता, आणि रंजना त्याच्याकडे टक लावून बघत होती, तो आता काहीतरी सांगेल म्हणून. सांगत नव्हता. करवंटीचा निखारा, वर राखेची साय, आत जरासा लाल... तिने चिमट्याने तो मधोमध सरकवला आणि पुन्हा पाटावर बसली. मागच्या पडवीत चूल, चुलीवर टोप, टोपात धोंडस — पिकल्या तवशाचा, मोठ्या काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं — खालचा जाळ ओढून नुसता विस्तव ठेवलेला आणि वर झाकणात निखारे, म्हणजे दोन्हीकडून सारखी धग. घरात ओव्हन नाही, कधी नव्हता. ओव्हन पोदेराकडे असतो, पाव भाजायला, आपल्याला काय करायचाय, असं ती नेहमी म्हणते. हल्ली जरा जास्तच जोरात म्हणते.

आई दोडामार्गची. तिचा एकच नियम होता. "झाकान उघडू नको गो. उघडलंस काय बसला. वास इलो काय मगे उतर." घड्याळ नाही, सुरी टोचून बघणं नाही. आधी तवशाचा कच्चा, हिरवा वास येतो, मग गुळाचा, मग तूप आणि खोबरं, आणि मग एक क्षण असा येतो की हे सगळे वेगळे राहत नाहीत, कडेला किंचित खरपूस काहीतरी लागतं — तेव्हा उतरायचं. त्याच्या आधी कच्चं, त्याच्यानंतर करपलेलं. लग्न होऊन गोव्यात सर्वणला आली त्या वर्षी रंजना विहिरीवर कपडे धूत होती, तिथूनच हातातलं धुणं टाकून धावली होती आणि टोप उतरवला होता, आणि सासूबाई सगळ्या वाड्यावर सांगत फिरल्या होत्या, नाक म्हणजे नाक हां आमच्या सुनेचें! तिला अजून आठवतं की त्या दिवशी आपण किती फुशारलो होतो.

ते नाक गेलं, त्याला चार वर्षं झाली. कोविडच्या तापात गेलं. ताप सहाव्या दिवशी उतरला, अंगातली ताकद महिन्याने आली, जिभेला खारट-गोड-कडू कळायला लागलं... वास तेवढा आला नाही. आधी वाटलं, येईल. कुणाला कशाला सांगायचं, येईल उद्या-परवा. मग चार महिने झाले, आणि चार महिन्यांनी कसं सांगायचं? इतके दिवस मी तुम्हाला अंदाजाने जेवायला घालते आहे, असं?

मग ती शिकली. रवा भाजला गेला की उलथन्याखाली त्याचा आवाज हलका होतो. बांगड्याचे कल्ले उघडून लाली बघायची, बोटाने दाबून बघायचं. डाळ नासली की वर बुडबुडे धरते. आणि उरलेलं सगळं ती त्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखायची. पहिला घास तोंडात गेला की मुलगा गौरेश — तुयेच्या कारखान्यात जातो, भूक घेऊन येतो — त्याची भुवई, नवऱ्याचा, यशवंतांचा, मिठाकडे जाणारा किंवा न जाणारा हात, सुनेचं चावणं. ती वाढता वाढता ते वाचायची. तिघांचे चेहरे हेच तिचं नाक झालं होतं, आणि ते आजवर चुकलं नव्हतं.

ओव्हनचं टुमणं सायलीचं. दोन वर्षांपूर्वी सून म्हणून आली, तीही दोडामार्गकडचीच. गेल्या चतुर्थीच्या आधी म्हणाली होती, "आई, एक ओव्हन हाडूया. घंटी वाजता तेची. तुमका बसान रवाक नको." रंजना भडकलीच. "मी मेल्यार हाड," म्हणाली होती. तेवढ्याशा बोलण्याने पोरीच्या डोळ्यांत पाणी का यावं, हे तेव्हा तिला कळलं नव्हतं.

घरातल्या घड्याळात साडेतीनचा ठोका पडला. टोपाच्या कडेने वाफ येत होती, अजून ओली, जाड. ती पातळ झाली की वेळ जवळ आली, पूर्ण थांबली की उशीर झाला. त्या दोन्हींच्या मधलं डोळ्यांना दिसत नाही. तेवढ्यात मागच्या दारात यशवंत येऊन उभे राहिले. खाणीचे ट्रक बंद झाल्यापासून त्यांची दुपार पुढच्या सोप्यावर पेपर घेऊन जाते, मागच्या पडवीत ते यायचे नाहीत. हातात रिकामा तांब्या होता. त्यांनी तो भरला नाही. तिथेच उभं राहून एक खोल श्वास घेतला.

"जालें आसतलें. उतर."

"तुमकां कशें कळ्ळें?"

"वा..." ते थांबले. तांब्याकडे बघत म्हणाले, "वेळ जालो न्हय?" आणि आत गेले.

रंजनाचा हात चिमट्यावर तसाच राहिला. त्यांनी शब्द गिळला. ज्याला ठाऊक नाही तो म्हणाला असता, अगो वास बघ केदो सुटला! ज्याला ठाऊक नाही तो कशाला गिळेल?

आणि मग एकेक... सायली नवी होती तेव्हा शेजारी सुरमई तळली तरी दारातून ओरडायची, आई, वास बघा! ते कधी थांबलं? दूध लागायच्या आधी पुढून यशवंतांची हाक, "रंजना, दूद" — आणि मी समजत होते की यांना आता कामधंदा नाही म्हणून स्वयंपाकघरात नाक खुपसतात. संध्याकाळी सायली कोथिंबीर चिरू का म्हणत येते आणि आधी गॅसचं बटण बघते. उदबत्ती लावली की गौरेश नुसतं 'ही बरी' म्हणतो. या घरात तो शब्द किती दिवसांत कुणी उच्चारलेला नाही? म्हणजे ठरवलं असणार. मी देवळात गेले असताना तिघं बसून, हळू आवाजात... तिला कळू देऊ नका म्हणून.

मग ते चेहरे? ती भुवई, तो न हललेला हात? तेही ठरवूनच? जूनमध्ये गौरेश दोन दिवस ओकत होता. कॅन्टीनचं बाधलं म्हणाला होता. आदल्या रात्री मी बांगडे केले होते... चार वर्षं आपण लपवत होतो आणि ती तिघं आपलं लपवणं सांभाळत होती, वर आपलं रांधलेलं गिळत होती. तिला लाज वाटली, आणि त्या लाजेमागून इतका संताप आला की चिमटा हातातून पडला.

वाफ पातळ झाली. तिने टोप उतरवला नाही. वाफ थांबली. ती पाटावर बसून राहिली. आता येईल कुणीतरी, आता म्हणेल, आई, करपलं, वास येत नाही का तुम्हाला? म्हणू दे. एकदा म्हणू दे. कडेतून निळसर धूर निघाला, पडवीभर पसरला, दारातून आत गेला. आत सायलीची पावलं दारापर्यंत आली, थांबली, परत गेली.

चहाच्या वेळी सायलीनेच वड्या कापल्या. खालची बाजू काळी ठिक्कर. "खरवड बरी लागता," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. रंजनाने तुकडा तोंडात टाकला. कडू. तेवढं जिभेला कळत होतं. यशवंत खात होते. गौरेश खात होता, भुवई जागच्या जागी.

"करपलां?" तिने विचारलं.

"ना गो. बरें जालां." त्याने बशी पुढे केली. "आनी एक दी."

थूक रे, तिला ओरडायचं होतं, थूक आणि सांग! तिने सगळ्यात काळा तुकडा निवडला आणि वाढला. त्याने तो पाहिला. मग खाल्ला, सावकाश, शेवटच्या कणापर्यंत, आणि ती त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. राग कुठे गेला ते कळलं नाही. आता नुसती भीती होती, जूनमधल्या त्या बांगड्यांची. उद्या सोमवार, सकाळी सातला गौरेशचा डबा भरायचा होता, आणि त्यात काय भरलं तर तो नको म्हणेल, हे तिला काही केल्या सुचेना.