तोंडात मोजा

शाळेच्या वरच्या मजल्यावर अगदी कोपऱ्यातला वर्ग आहे. तिथे फळ्याच्या वर एक लाकडी डबा दिसेल, जाळी फाटलेला, कोळ्याने घर केलेला. तो मी! शेजारच्या घड्याळाशी माझी गल्लत करू नका, ते बंद पडलंय. मी मात्र ठणठणीत आहे. मित्रांनो, मी या वर्गाचा जुना स्पीकर आहे.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. एका मावशींनी माझा कागदी पडदा चिकटवला, पाठीला लोहचुंबक बसवलं आणि तार जोडून बघितली. "बाई गं, काय खणखणीत बोलतोय हा!" त्या म्हणाल्या. ते माझं पहिलं कौतुक. अजून आठवलं की पडदा थरथरतो.

मग मी या शाळेत आलो. प्रत्येक वर्गात माझं एकेक भावंड बसवलं आणि सगळ्यांच्या तारा मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, खोलीत गेल्या. शिक्षण खात्याकडून काहीही आलं की बाई ते माइकवर वाचायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "घरी सांगा." मुलं घरी सांगायची. वाचून झालं की बाई लगेच खात्याला उलट कळवायच्या, "सर्वांना सूचना दिली." ही आमची पद्धत होती आणि सुरुवातीला ती छान चालली. "वादळामुळे उद्या शाळा बंद," असं मी एकदा बोललो, तर वर्गाने छप्पर डोक्यावर घेतलं! एका मुलीने बाकावर चढून माझा पापा घेतला. मित्रांनो, मी तेव्हा हवेत होतो. तसा भिंतीवरच होतो, पण हवेत.

पुढे खात्याच्या सूचना वाढल्या. वाढल्या म्हणजे किती? सकाळी सूचना, दुपारी तिच्यात दुरुस्ती आणि शाळा सुटता सुटता, "दुपारची दुरुस्ती रद्द समजावी." बिचाऱ्या बाईंचा घसा बसायचा, पण त्या वाचायच्या. इकडे गणिताचे सर फळ्यावर रंगात आलेले असायचे. आता उत्तर येणार, तेवढ्यात मी खाकरायचो, "लक्ष द्या!"

एक दिवस सरांनी खडू आपटला. "याचं तोंड कोण बंद करेल?"

"सर, माझ्याकडे फुटबॉलचा मोजा आहे," मागच्या बाकावरून आवाज आला. "जादाचा."

"धुतलेला आहे का?"

"सर, स्पीकरला कुठे वास येतो?"

वर्ग खो खो हसला. सर बाकावर चढले आणि माझ्या फाटक्या जाळीतून त्यांनी तो मोजा आत कोंबला. त्या दिवसापासून मी फक्त ऊं ऊं करायचो. सर चांगले होते हो, मुलांच्या गणितासाठी जीव टाकायचे. पण मी गुदमरलो, ते गुदमरलोच.

माझ्या बरोबर खाली, पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. तिला फार कमी दिसायचं. जाड चष्मा लावून पुस्तक नाकाला टेकवायची, म्हणून सगळे तिला 'दुर्बीण' म्हणायचे. तिला गणित येत होतं. सहामाहीत मात्र बारीक अक्षर वाचता वाचताच वेळ संपला आणि ती नापास झाली. वार्षिकलाही असंच झालं तर ती याच वर्गात राहणार होती आणि मैत्रिणी पुढे जाणार होत्या.

आणि मग ती सूचना आली. ज्या मुलांना कमी दिसतं त्यांना वार्षिक परीक्षेत मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका आणि जादा वेळ मिळेल, पालकांनी शनिवारपर्यंत शाळेत नाव द्यावं. बाईंनी ती दोनदा वाचली. मी जीव खाऊन ओरडलो. बाहेर आलं काय? ऊं ऊं!

दुर्बिणीने मान वर केली. "सर, हा काहीतरी सांगतोय."

"अपचन झालंय त्याला," सर म्हणाले. सगळे हसले, तीही हसली. बाकीच्या वर्गांत ज्यांनी ऐकलं, त्यांना त्याची गरज नव्हती. मधल्या सुट्टीत डबे उघडेपर्यंत ते विसरूनही गेले.

पुढच्या आठवड्यात दुर्बिणीची आई धापा टाकत वर्गात आली. ती शिवणकारखान्यात काम करायची. दुसऱ्या शाळेतल्या मुलीच्या आईने तिला ही गोष्ट तिथे सांगितली होती.

"सर, आम्हाला कसं नाही कळवलं?"

"अहो ताई, मलाच माहीत नाही!"

मोठ्या बाई मागोमाग आल्या. "माहीत नाही? मी स्वतः वाचलं, दोनदा!"

सरांनी हळूच वर बघितलं. मग बाकावर चढले आणि मोजा ओढून काढला. धुळीचा लोळ उठला. कोणी शिंकलंसुद्धा नाही.

बाईंनी तिथूनच खात्याला फोन लावला. बराच वेळ त्या फक्त "हो... हो..." म्हणत राहिल्या. मग फोन ठेवून म्हणाल्या, "मुदत संपली. आणि मीच कळवलं होतं ना, सर्वांना सूचना दिली म्हणून. आता ते म्हणतात, मग नाव का नाही आलं?"

परीक्षा याच वर्गात झाली. दुर्बीण कागदावर अशी वाकली होती की वाटावं, झोपलीय. पर्यवेक्षक सरच होते. नियमाप्रमाणे तिला प्रश्न वाचून दाखवता येत नव्हता. ते तिच्या बाकाजवळ यायचे आणि परत फिरायचे. शेवटची घंटा झाली तेव्हा अर्ध्याहून जास्त पेपर कोरा होता.

सरांनी हात पुढे केला. "बेटा, मला वाटलं, गडबड नको, तुमचा अभ्यास नीट व्हावा..."

तिने पेपर दिला. चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "सर, मला दिसत नाही. ऐकू तर येतं ना."

सरांनी तिचा पेपर गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला. आता माझं तोंड मोकळं होतं, पण तिच्या काय उपयोगाचं?

मित्रांनो, माझी धूळ पुसा, जाळी बदला, मला आवडेलच. पण मी नुसता बोललो म्हणजे सगळ्यांना कळलं, असं कधी धरून चालू नका. मी गप्प झालो की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एक फेरी मारा आणि प्रत्येकाला विचारा, "तुला काय ऐकू आलं?" आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.