वाजणारा पंखा

बानूबाईच्या तोंडाला लागू नये, हे वरकुट्यात नव्या सुनांना पहिल्या आठवड्यातच सांगितलं जातं. पण गेले पंधरा दिवस बानूबाईचं तोंड बंद होतं, कारण या खेपेला बोल लावायला दुसरं कुणी सापडत नव्हतं. पंखा तिनंच दिला होता. स्वतःच्या हातानं, वर टेंपोवाल्याला चहा पाजून.

टेंपो बारामतीच्या केंद्राचा होता. घरात नको झालेल्या विजेच्या वस्तू गोळा करायच्या, दुरुस्त होतील त्या दुरुस्त करून गरजवंताला द्यायच्या, उरलेल्या मोडून तांबं, पितळ, प्लास्टिक वेगळं करायचं आणि वितळवायला पाठवायचं, असं त्या केंद्राचं काम. भोंगा वाजवत टेंपो गल्लीत आला, तशा बाया घरातली अडगळ घेऊन बाहेर आल्या. कुणी जळका मिक्सर आणला, कुणी इस्त्री. शेजारच्या सारजानं तर दहा वर्षं देवाचे फोटो ठेवायला वापरलेला टीव्ही आणला, देव तेवढे काढून घेतले. बानूबाई मागं कशी राहील? तिनं टेबल फॅन उचलून टेंपोत ठेवला आणि "सुटले बाई एकदाची" असं चारचौघींत म्हणाली.

त्या पंख्याशी तिचं बारा वर्षांचं वैर होतं. मानसिंग आबांनी, म्हणजे तिच्या मालकांनी, मेंढरं विकली त्याच साली तो घरात आला. चरायला माळ उरला नव्हता, जिकडं बघावं तिकडं ऊस, आणि मुलगा राम बारामतीत कंपनीत लागला होता. रात्री कळपाभोवती लावायची जाळी, ती वाघर, माळ्यावर गेली आणि आबा पहिल्यांदाच बारा महिने छपराखाली राहायला लागले. पंखा मान वळवत डावीकडं गेला की टण् वाजायचा, उजवीकडं गेला की टण्. दिवसभर.

"आवं, दुरुस्त तरी करून आणा, न्हायतर उकिरड्यावर टाका," बानूबाई म्हणायची.

"चालतोय की," आबा म्हणायचे.

थंडीत तर कहर. आबा पंख्याचं तोंड भिंतीकडं फिरवायचे आणि चालू ठेवायचे. "वारं नको तर पंखा कशाला? भिंतीला उकडतंय व्हय?" यावर आबा नुसते हसायचे आणि कूस बदलायचे.

दोन वर्षांमागं आबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग पाहुण्यांची नावं, मग एक दिवस रामकडं बघून "हे कुणाचं पोरगं?" असं विचारलं. बारामतीच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की मेंदू सुकत चाललाय, गेलेलं परत आणायचं औषध नाही. तरी त्यांचा त्रास म्हणाल तर काही नव्हता. भाकरी खाल्ली की पंख्यासमोर वाकळ टाकून निजायचे. वीज गेली तर उठून बसायचे, आली की पुन्हा आडवे. उकडत असेल, असं बानूबाईला वाटायचं. मग पंख्यानं तिला दोनदा शॉक दिला, रामनं छताला नवा पंखा बसवला, आणि पुढं टेंपो आला.

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. त्याच दुपारी आबा उठले, काठी घेतली आणि चालू पडले. बानूबाईला ते सापडले ते मोठ्या रस्त्याच्या मधोमध. एका हातात काठी आडवी, दुसरा हात वर, आणि समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर थांबलेला. ड्रायव्हर आईमाईवर आला होता आणि आबा त्याला शांतपणे सांगत होते, "जरा दम धर की. माझी मेंढरं पार होऊ दे."

रस्ता मोकळा होता. एक मेंढरू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच ते. बाराव्या दिवशी सारजानं त्यांना कॅनॉलवर बघितलं. एक पाय पाण्यात घालून ते पलीकडच्या काठाला हाका मारत होते. सारजा ओरडली नसती, तर पुढचं सांगायला नको. राम कामावरून धावत आला, तो येताना एक लोखंडी कडी आणि चार स्क्रू घेऊनच.

"मी दारात निजते, पण ही कडी नको!" बानूबाई म्हणाली. "जल्मभर आभाळाखाली निजलेला माणूस हाय त्यो. कोंडणार तू त्यास्नी?"

"आये, मला बरं वाटतंय व्हय?" राम म्हणाला. "मी कामावर, मनिषा डेअरीत, तू किती पळशील? कॅनॉलला पाणी सुटलंय. एक दिवस सापडायचे न्हाईत. मग तूच सांग, काय करू?"

"आयतवारपतूर थांब," एवढंच ती म्हणाली.

कार्तिकाचे दिवस होते. कळप कोकणाकडं निघाले होते. गुरुवारी मागच्या मोकळ्या रानात एक कळप बसला. आबा काठी घेऊन ओट्यापर्यंत आलेच होते. तिकडून घंटी वाजली, पुढं चालणाऱ्या एडक्याच्या गळ्यातली. आबा थबकले, मागं वळले, वाकळेवर आडवे झाले आणि घोरायला लागले. पंधरवड्यात पहिल्यांदा ते दुपारचे निजले होते. तासाभरानं कळप उठला, घंटी लांब लांब जात विरली, आणि आबा ताडकन उठून बसले.

"कुठं गेली गं?"

बानूबाईच्या हातातली परात खाली पडली. वीज गेल्यावर ते का उठायचे, थंडीत पंखा भिंतीकडं का फिरायचा, सगळं तिला एकदम कळलं. कळप विसावला की घंटी अधूनमधून वाजत राहते आणि मेंढक्याला झोप लागते. घंटी थांबली की मेंढरं हलली. मग कोण निजतो?

शनिवारी तिनं सुनेला, मनिषाला, रजा काढायला लावली आणि आबांना सारजाच्या हवाली करून दोघी एसटीनं बारामतीला गेल्या. केंद्र म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. एका अंगाला मोडायच्या वस्तूंचा ढीग, दुसऱ्या अंगाला दुरुस्त झालेल्या मिक्सर-पंख्यांची मांडणी, आणि मधे टेबलाशी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेला लखन नावाचा पन्नाशीतला कारागीर. मनिषानं गाव आणि पंख्याचं सांगितल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला.

"वरकुट्याचा टेबल फॅन? हाय की! या, दावतो."

त्यानं पंखा मांडणीवरून उतरवला. नवी वायर, नवा रंग. बटण दाबलं आणि पंखा डावीकडं गेला, उजवीकडं आला, पुन्हा डावीकडं गेला. सासुरवाडीला पहिल्यांदा आलेल्या जावयासारखा, हूं की चूं नाही.

"मावशी, आवाज येतोय का बघा," लखन कौतुकानं म्हणाला.

"आवाज कुठं गेला?" बानूबाईनं विचारलं.

"काढला! हे मागचं टोपण बघा. ह्यात आवळ्याएवढा पितळेचा गोळा तारेनं टांगला होता. पंखा वळला की आतून आपटायचा. त्याच तारेनं वायर घासली होती, म्हणून शॉक बसायचा. पण मावशी, ज्यानं बसवला त्यानं काय बेतानं बसवला होता! चार ठिकाणी तार वाकवून, आवाज कमी-जास्त करून बघितलेला दिसत होता. म्हटलं, कुणाचा हा उद्योग?"

बानूबाई शेजारच्या बंद वॉशिंग मशिनवर टेकली. बारा वर्षांपूर्वी मेंढरं घेतलेला माणूस आठवड्यानं तक्रार घेऊन आला होता, ते तिला आठवलं. एडक्याची घंटी वाजत नाही, आतून रिकामी हाय, म्हणत होता. आणि आबा साळसूदपणे म्हणाले होते, "पडली असंल कुठं चरताना." कळप दिला, एडका दिला, घंटीही दिली, पण घंटीच्या आतली पितळी जीभ तेवढी त्यांनी काढून घेतली होती आणि तिच्याच डोळ्यांदेखत पंख्यात लपवली होती.

तिला आबांचा राग आला. एका शब्दानं बोलले असते तर काय बिघडलं असतं? मग त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं एका वाकळेवर निजून तिला जे कळलं नव्हतं, ते या परक्या माणसाला चार स्क्रू काढल्यावर सापडलं होतं.

"गोळा कुठं हाय त्यो?"

लखनचं हसू मावळलं. कोपऱ्यात पोती होती, पितळेची वेगळी. "परवा गाडी गेली, मावशी. दोन पोती. आतापतूर भट्टीत..." माणूस भला होता. राहिलेलं अर्धं पोतं त्यानं जमिनीवर ओतलं आणि तिघंही गुडघ्यावर बसली. प्लगच्या पिना, नट, तुटके नळ, बर्नर. तास गेला. गोळा नव्हता.

मनिषानं रडतच सगळी हकिकत सांगितली. तशी लखननं टोपण पुन्हा उघडलं. एक नट बांधून बघितला. "न्हाय," बानूबाई डोळे मिटून म्हणाली. नळाची चावी बांधली. "न्हाय, ही लई चिरकी." मग बर्नरचा तुकडा, मग आणखी काही. दरवेळी त्यानं रबराचं नळकांडं घालून वायर जपली. सहाव्या खेपेला पंखा वळला आणि टण् झालं, तशी बानूबाईनं डोळे उघडले.

"ह्योच! ह्योच आवाज!"

पंख्यावर चिठ्ठी होती. तो बावड्याच्या अंगणवाडीला जायचा होता. लखननं ती काढून दुसऱ्या पंख्याला लावली. बानूबाईनं पंखा एसटीत मांडीवर घेतला आणि वरकुट्यापर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

रविवारी दुपारी राम घरीच होता. कडी त्यानं सकाळीच दाराला बाहेरून बसवली होती, आईची नजर चुकवून. बानूबाईनं ती बघितली आणि न बघितल्यासारखं केलं. आबांची वाकळ अंथरली, पंखा जुन्या जागी ठेवला, बटण दाबलं.

टण्.

आबांनी मान वर केली. राम दारात, मनिषा चुलीजवळ, कुणी हललं नाही.

टण्.

आबा कान देऊन ऐकत राहिले. चेहरा कसा निवळला त्यांचा! "चांगली घंटी हाय," ते म्हणाले. बानूबाईनं पदर तोंडाला लावला. देवा बिरोबा, पावलास रे बाबा.

"पण ही आपली न्हाय," आबा म्हणाले. "कुणाची मेंढरं बसलीत रानात? त्यांच्यात आपली मिसळतील." आणि त्यांनी काठी उचलली.

माणसाला लेकराचं नाव आठवू नये, आणि बारा वर्षांपूर्वीच्या एडक्याची घंटी मात्र चुकू नये, या दैवाला काय म्हणावं! रामनं त्यांना धरून पुन्हा बसवलं. ते उठले. त्यानं पुन्हा बसवलं. पंखा वाजतच होता. शेवटी रामनंच तो बंद केला आणि आईकडं बघितलं.

"थांब," बानूबाई म्हणाली. तिनं पाण्याचा तांब्या आत घेतला, आबांच्या शेजारी वाकळेवर बसली. "मनिषा, घाल कडी."

"आत्या, तुमी आत?"

"मेंढरं कोंडून मेंढक्या घरला जातो व्हय? वाघरीच्या कडंलाच निजतो त्यो. घाल म्हणते ना."

राम-मनिषा बाहेर गेली आणि दार लागलं. कडीचा आवाज झाला, तसं आबांनी तिकडं बघितलं.

"वाघर लावली?"

"लावली."

"समदी आत हायती?"

"हायती."

आबांनी कान टवकारले. म्हणाले, "मग घंटी का वाजंना?"

आजवर बानूबाई कुणापुढं हरली नव्हती. पण तिथं, बंद खोलीत, तिला हुंदका आवरेना. "मी दिली वो," ती म्हणाली. "माझ्याच हातानं देऊन टाकली. चुकलं माझं."

आबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पहिल्यांदाच रानात मेंढरू हरवून बसलेल्या पोरीला समजवावं, तसे ते म्हणाले, "आगं, रडती कशाला? लांब गेली नसतील. ऊठ, दोघं मिळून हुडकू."

काठी टेकत ते उभे राहिले. तिचा हात घट्ट धरून तिला उठवलं, दारापर्यंत नेलं आणि दार ढकललं. मग आणखी एकदा ढकललं.