एकाहत्तरावी ओळ

“सम्मेदकाका, एकाहत्तर नंबरच्या पेशंटचा पाय सुजला होता का हो?”

डॉ. राजेश्वरी एरवी खिडकीतूनच बोलत. आज त्या आत आल्या होत्या. हातात ड्रेसिंगचं रजिस्टर, बोट एका तारखेवर. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं यंत्र नुकतंच थांबलं होतं. झाकण उघडायला पुढे केलेला सम्मेदचा हात झाकणावरच राहिला.

“जखमेत पू असला की सीआरपी त्यानंच चढतो. असे नमुने आपल्याला धरता येत नाहीत,” त्या म्हणाल्या. “ही ओळ काढावी लागेल. आणि हे आजोबा उपचाराला परत आलेच नाहीत, नाही का? वाईट वाटतं. सुधारण्यासारखे होते.”

“बघतो, मॅडम,” सम्मेद म्हणाला. आपला आवाज कुणी दुसऱ्यानेच काढल्यासारखा त्याला ऐकू आला.

मिरजेच्या त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्याची एकतीस वर्षं गेली होती. त्यातली शेवटची तीन डॉ. राजेश्वरींच्या अभ्यासात. लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा, रुग्ण आला की उपचारापूर्वीच त्याच्या रक्तातली सूज मोजायची. शरीर आतून किती धुमसतंय हे सीआरपीचा आकडा सांगतो. तो दहाच्या आत असेल तर गुण शून्य. वर चढला तर एक; आणि त्यात अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन उतरलेलं असेल तर दोन. शून्यवाले बहुतेक तरले होते. दोनवाल्यांतल्या फार थोड्यांनी दुसरं वर्ष पाहिलं होतं. मेढ्याच्या डोंगरातली, कोयनानगरच्या वसाहतीतली, कृष्णाकाठच्या उसातली माणसं त्या तक्त्यात एकेक ओळ होऊन उतरली होती. शेवटच्या रकान्यात तारीख असे, नाहीतर रिकामी जागा. रिकामी जागा म्हणजे माणूस अजून आहे.

एकाहत्तर नंबर म्हणजे जिनपालमामा, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. वडील गेल्यावर अकरा वर्षांच्या सम्मेदला ज्याने आपल्या घरी नेलं, पुढे सायकलच्या मागे बसवून याच गावात कोर्सला आणून सोडलं, तो मामा. फाल्गुनात तो मानेवरच्या गाठी दाखवायला आला, तेव्हा उजव्या पायाला हळद माखलेलं फडकं गुंडाळलेलं होतं. तुटलेल्या उसाचा बुडखा घुसलाय, एवढंच तो म्हणाला. ड्रेसिंग झालं, गोळ्या झाल्या. रक्त सम्मेदने काढलं. सीआरपी अठ्ठ्याण्णव आला, अल्ब्युमिन खाली. तक्त्यात दोनाचा आकडाही त्यानेच लिहिला.

दहा दिवसांनी मामा पुन्हा आला, उपचारापूर्वीच्या नेहमीच्या तपासण्यांसाठी. पाय बरा झाला होता. त्याला फडकं नव्हतं. सम्मेदने ते पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ वाचला नव्हता. रक्त घेऊन झाल्यावर दोघे आवारातल्या बाकावर बसले. मामा सावकाश बोलत राहिला. दवाखान्यात जो तो बरं होईल म्हणतो, पण त्याला गोड बोललेलं नको होतं. जायचंच असेल तर शुद्धीत, सल्लेखनेचं व्रत घेऊन, अन्नातली एकेक वस्तू सोडत जायचं होतं. व्रत देण्याआधी मुनिमहाराजांनी मात्र एक विचारलं होतं : उपाय खरंच उरला नाही का?

“तू माझं रगात बगितलंयस,” मामा म्हणाला. “तू सांग.”

प्रत्येक अहवालाच्या तळाशी ‘डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ हे वाक्य छापलेलं असे. एकतीस वर्षं सम्मेद त्या वाक्याच्या वर सही करत आला होता. खिडकीपलीकडची माणसं कागद घेत, त्याच्याकडे न पाहता वळत. त्याला काय वाटतं, हे त्या बाकावर पहिल्यांदाच कुणी विचारत होतं, आणि तेही ज्याच्यापुढे तो कधी मोठा झालाच नव्हता त्याने. त्याच्या छातीत काहीतरी ताठ उभं राहिलं. त्या ताठपणालाच तो खरेपणा समजला.

“दोन आलाय, मामा. दोनवाली ऱ्हात न्हाईत.”

मामाने फक्त मान हलवली, पाऊस किती झाला हे ऐकल्यावर हलवावी तशी. सम्मेदच्या मुठीतल्या नळीत त्याचं नवं रक्त अजून कोमट होतं.

मामा त्यानंतर दवाखान्यात आला नाही. चैत्रात त्याने धान्य सोडलं, मग दूध. अक्षय तृतीयेला, आदिनाथांच्या पारण्याची आठवण म्हणून घरोघरी उसाचा रस घेतात त्या दिवशी, त्याने स्वतःच्या रानातल्या उसाचा अर्धा पेला रस घेतला आणि तोही सोडला. आज नववा दिवस. आता फक्त पाणी.

डॉक्टर गेल्यावर सम्मेदने फ्रीजर उघडला. बर्फाची साय खरवडून एक बारीक नळी काढली. मामा दुसऱ्यांदा आला तेव्हाच्या रक्तातलं उरलेलं पिवळट पाणी. अभ्यासाचा नमुना आधीच घेतलेला, म्हणून यात सूज मोजायला कुणी सांगितलंच नव्हतं. नळी तळव्यात धरून त्याने वितळू दिली. यंत्राला लावली. आकडा आला चार. त्याने पुन्हा लावली, पुन्हा चार. तिसऱ्यांदा लावली, ती यंत्रावर विश्वास बसेना म्हणून नव्हे. एकदा तरी शंभर यावा म्हणून. आपल्याच मामाच्या रक्तात तो मरण शोधत होता, आणि ते सापडत नव्हतं.

चार. म्हणजे शून्य.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्याने गावाची एसटी धरली. वैशाखाचं ऊन रस्त्यावर पातळ काचेसारखं हलत होतं. शर्टाच्या खिशात कागदाची घडी होती, आणि तिच्यामागे सुई व रिकामी नळी. का घेतली ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

सोप्यात चटईवर मामा पडला होता. पांढऱ्या पंच्याखाली शरीर असं नव्हतंच. घड्या होत्या फक्त. साताऱ्याहून आलेली त्याची मुलगी कस्तुरी उशाशी णमोकार मंत्र म्हणत होती. तिने व्रताला होकार दिला होता, पण तो देताना तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता, नुसता हुंदका निघाला होता, असं गावात सांगत. सम्मेदला पाहून ती थांबली. तो खाली बसला आणि बोलू लागला. अहवाल वाचावा तसं त्याने ओळीने सगळं सांगितलं : पाय, पू, तेव्हाचा आकडा, फ्रीजर, आजचा आकडा. कागद उलगडून चटईच्या कडेला ठेवला.

“मंजी आण्णा बरं झालं असतं?” कस्तुरीने विचारलं.

“झालंच असतं असं न्हाई. पर उपाय व्हता.”

“ह्यो कागद तवा कुठं व्हता, दादा?”

ती उठली, आतून दुधाची वाटी घेऊन आली. वाटी पुढे करताना दूध तिच्याच मनगटावरून ओघळलं. “आण्णा, घोटभर,” ती म्हणाली. मग वाटी तशीच धरून राहिली.

मामाने डोळे उघडले. ते ओले नव्हते, कोरडेही नव्हते. विहिरीचा तळ दिसावा तसे दूर होते. एक बोट वाटीच्या काठावर आलं, तिथे थोडा वेळ टेकलं आणि वाटी हलकेच बाजूला सारून परत गेलं.

“सरीत टिटवीची अंडी व्हती,” तो म्हणाला. एकेक शब्द खालून ओढून काढावा लागत होता. “ती चुकवाय गेलो, तवा बुडखा घुसला.” मग ओठांची एक कड हलली. “पिल्लं निगाली. म्या बगून आलो.”

“मामा, अजून येळ हाय,” सम्मेद म्हणाला. “गाडी बोलावतो. मिरजंला जाऊ. मॅडम चांगल्या हायत.”

“न्हाई रं.”

त्यात राग नव्हता. असता तर सम्मेदने तो दोन्ही हातांनी घेतला असता. त्यासाठीच तो आला होता. मामाने हात जोडायला घेतले. एक तळवा दुसऱ्यापर्यंत पोचेना, तेव्हा कस्तुरीने वाटी खाली ठेवून तो पोचवला.

“तुला इचाराय नगं व्हतं म्या,” मामा म्हणाला. “तुज्या डोस्क्यावर वझं दिलं. उत्तम क्षमा, सम्मेद.”

उलट ‘उत्तम क्षमा’ म्हणायची रीत आहे. लहानपणी पर्युषण संपलं की याच सोप्यातून निघून दारोदार तो ते म्हणत असे, पुढच्या घरी जायच्या घाईत. आज ते न म्हणता त्याने चटईच्या कडेचा कागद उचलून पुन्हा त्याची घडी घातली. जी क्षमा मागायला तो इतक्या उन्हातून आला होता, ती मामाने आधीच मागून घेतली होती. त्याच्याजवळ मागायलाही काही उरलं नव्हतं. खिशातली सुई त्याला टोचत राहिली, टोपण घातलेलं असूनही.

पाचव्या दिवशी सकाळी मामा गेला. पद्मासनात बसवलेल्या त्याच्या देहाची पालखी निघाली, तेव्हा पुढचा दांडा सम्मेदच्या खांद्यावर होता. ती इतकी हलकी होती की चालताना दोनदा त्याने वर पाहिलं.

तेराव्या दिवसानंतर तो कामावर आला. खिडकीपाशी मेढ्याची एक बाई उभी होती, मळकं लुगडं, हातात नवऱ्याची फाईल. कागद घेऊन ती इतरांसारखी वळली नाही.

“दादा, तुमाला कळतंय की ह्यातलं,” ती म्हणाली. “कसं हाय ओ?”

सम्मेदने आकडा पाहिला. मोठा होता. त्याने विचारलं, मालकांना कुठे जखम, गळू, ताप, दाढेचं दुखणं असं काही? बाई गोंधळली. मग म्हणाली, पाठीला करट झालंय, आठ दिवस झाले. पण ते कशाला सांगायचं डॉक्टरला? त्याने अहवालाच्या कोपऱ्यात पेन्सिलने ‘पाठीला करट’ असं लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या.

“हे आधी दाखवा डॉक्टरांना,” तो म्हणाला. “ह्या आकड्यावरनं मला काय सांगता यायचं न्हाई.”

टेबलावर डॉ. राजेश्वरींनी तपासून ठेवलेला तक्ता पडला होता. एकाहत्तराव्या ओळीवरून पट्टी लावून लाल रेघ ओढलेली. काढलेल्या ओळीची तारीख कुणाला लागत नाही, त्यामुळे शेवटचा रकाना रिकामाच होता. सम्मेदने पेन उघडलं. टोक त्या जागेवर नेलं. खूप वेळ तसंच धरलं, कागदाला न टेकवता.

मग टोपण लावून त्याने पेन खिशात ठेवलं, आणि पुढची नळी उचलून तिच्यावरचं नाव वाचलं.