टेपवरचा एक लाख

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे, कपडे शिवणाऱ्या बाईंच्या गळ्यात लटकणारा. उंची दीडशे सेंटिमीटर. कारखान्यात माझ्यावर रेघा छापल्या, तेव्हापासून मी छाती, कंबर, बाही मोजत आलो. "या टेपच्या मापाचा कपडा कधी उसवावा लागत नाही," असं गिऱ्हाइकं म्हणत. मी फुशारून जायचो.

पण गेल्या महिन्यात माझ्यामुळे घात होता होता राहिला.

बाईंना फोन आला. लॉटरीत एक कोटीचं बक्षीस लागलंय, फक्त एक लाख आधी भरा, पाचच्या आत. बाईंकडे तेवढेच होते, सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेले.

कोटी म्हणजे केवढा, ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. माझा एक मिलिमीटर म्हणजे एक हजार, असं त्यांनी धरलं. मग खडूने खुणा करत मला फरशीवरून सरकवत नेलं. जवळजवळ सात वेळा मला टाकलं, तेव्हा कुठे कोटी पुरा झाला, दाराबाहेर, पार शेजाऱ्यांच्या पायरीशी. दहा मीटर! आणि लाख? माझे पहिले दहा सेंटिमीटर. वीतभरही नाही.

"एवढंसंच की!" म्हणत बाईंनी पैशांची पिशवी उचलली. साडेचार वाजले होते. माझ्या अंगाला पीळ पडला. माप खरं होतं, तरी मीच त्यांना खड्ड्याकडे नेत होतो.

कोपऱ्यात काजं-बटणं करणारी त्यांची नणंद म्हणाली, "वहिनी, तिकीट तरी कधी काढलं होतंत? आणि एवढा रस्ता मोजलात, त्यात तुमची आजची मजुरी कुठाय?"

"पाचशे. ती काय दिसणार?"

"दाखवा तर खरं."

बाईंनी चष्मा लावला. दोन बारीक रेघांच्या मधली निम्मी जागा. तिथे त्यांनी सुई टोचली आणि बघतच राहिल्या.

"आता तुमचं ते एवढंसं मोजा," नणंद म्हणाली. "दोनशे दिवस आहेत त्यात. आणि माझ्या आईचा गुडघा."

बाईंनी पैशांची पिशवी परत कपाटात ठेवली. पाचला फोन वाजला, वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

तो अजूनही अधूनमधून वाजतो, आणि मी दचकतो. मित्रांनो, कोटीशेजारी ठेवलं की काहीही चिमुकलं दिसतं. म्हणून मोठा आकडा ऐकलात, तर त्याच्याशेजारी आपल्या घरातल्या कुणाचा तरी एक दिवस ठेवून बघा. आणि मला हवं तर गुंडाळा, कोनाड्यात टाका. पण माझ्या अंगावरचं ते सुईचं भोक बुजवू नका.